कोकमातले अँटिऑक्सिडंट मोजायचे कसे

प्रोजेक्ट जमा करायची तारीख फेब्रुवारीतली आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकणार एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे 'कोकमातील अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखणारे) गुणधर्म' असा विषय घेतलेली मुलं माझ्याकडे येतात ती बाजारातल्या आमसुलांची पुडी घेऊन. आमसुलं काळपट, चिकट, कडेला मिठाने पांढुरकी झालेली. "मॅडम, यातूनच काढूया ना." काढता येतं. पण मग येणारा आकडा सांगतो तो एवढंच, की पावसाळाभर दुकानाच्या फळीवर राहून त्या सोलांत, म्हणजे आमसुलांत, काय उरलं. मागच्या मे महिन्यात झाडावरच्या रातांब्यात काय होतं, हे त्यातून कळत नाही. म्हणून पहिली सूचना: विषय कोकमाचा घ्यायचा असेल तर दुसरं वर्ष संपतानाच, सुट्टीत घरी जाल तेव्हा, पिकलेले गडद लाल रातांबे फोडा, बिया-गर काढा, साली पिशवीत हवा न ठेवता बांधा आणि फ्रीजरमध्ये टाका. पिशवीवर तारीख आणि झाड कुणाच्या परसातलं ते लिहा. आईला सांगून ठेवा, नाहीतर गणपतीत त्यांची सोलकढी झालेली असेल.

मी सिंधुदुर्गात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते, आणि माहेरी अजून दर उन्हाळ्यात अंगणात सोलं वाळतात. पुढचं सगळं प्रयोगशाळा हाताशी असलेल्या मुलांसाठी आहे. घरी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सरबत करून विकणाऱ्यांनी मधलं सोडून 'विकणाऱ्यांसाठी' या भागावर गेलं तरी चालेल.

आधी, शोधतोय काय?

कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, आयुर्वेदात वृक्षाम्ल. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि पायाला भेगा पडल्या की बियांचं तेल वितळवून लावायचं, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे लिहा, पण त्यापुढे लगेच 'म्हणून कोकम हे शक्तिशाली अँटिऑक्सिडंट आहे' असं वाक्य जोडू नका. आमसुलाच्या पाण्याने खाज थांबते याचा आणि परीक्षानळीतला रंग उडतो याचा संबंध तुम्ही दाखवलेला नाही.

सालीत आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, लाल रंग. हे अँथोसायनिन, त्यातही मुख्यतः सायनिडिनची दोन रूपं: सायनिडिन-३-सॅम्ब्युबायोसाइड आणि सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. दुसरी, आंबटपणा, म्हणजे प्रामुख्याने हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. वाळलेल्या सालीत ते वजनाच्या दहा टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत सापडतं. तिसरी, गार्सिनॉल, एक पिवळा, तेलात विरघळणारा पदार्थ.

यातले रंग आणि गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतात, कारण त्यांच्या रेणूत फिनॉलचे हायड्रॉक्सिल गट आहेत आणि ते हायड्रोजन सहज सोडतात. आंबट आम्लाकडे तसं काही नाही. 'आंबट म्हणजे अँटिऑक्सिडंट' हा समज इतका घट्ट आहे, की मी प्रत्येक गटाला एक नळी सिट्रिक आम्लाची लावायला सांगते. डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचा जांभळा रंग तिथे ढिम्म हलत नाही. तोंडी सांगून जे पटत नाही ते त्या एका नळीने पटतं.

आणखी एक. गार्सिनॉल पाण्यात उतरत नाही. नुसत्या पाण्यात सोलं भिजवून जो अर्क काढाल त्यात रंग आणि आम्ल येईल, गार्सिनॉल सालीतच राहील. म्हणजे 'पाण्यातला अर्क' आणि 'मिथेनॉलमधला अर्क' यांचे आकडे वेगळे येणारच. दोन्ही करा. लोक कोकम पाण्यात पितात, मिथेनॉलमध्ये नाही, त्यामुळे पाण्याचा आकडा अहवालात असलाच पाहिजे.

नमुना आणि मीठ

हा भाग मुलं दोन ओळींत उरकतात आणि बाहेरचे परीक्षक नेमके इथेच धरतात.

आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. फोडलेल्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. दर खेपेला मीठ चढतं, आम्ल चढतं, रंग चढतो. आमच्याकडची सोलं आणि शेजारणीची सोलं यांत मिठाचं प्रमाण सारखं असण्याचं काही कारण नाही. मग एक ग्रॅम तोलून घेतलं, तर त्यात साल किती आणि मीठ किती? एका नमुन्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा कमी आला तो अँटिऑक्सिडंट कमी म्हणून, की मीठ जास्त म्हणून?

शक्य असेल तर बिनमिठाची साल घ्या. बाजारातलंच आमसूल घ्यायचं असेल तर दोन जादा मोजमापं करा. ओलावा: बारीक तुकडे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. हा वेगळा तुकडा, अर्कासाठी तो वापरायचा नाही, कारण त्या तापमानाला रंग मरतो. मीठ: तुकडा मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांना जाळून राख करा, राख पाण्यात विरघळवा, सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करा. थेट अर्काचं टायट्रेशन करायला जाऊ नका. एक तर तो आम्लधर्मी, दुसरं म्हणजे त्या लाल रंगात, टायट्रेशन संपल्याची खूण म्हणून येणारा क्रोमेटचा विटकरी रंग दिसणार कसा? ओलावा आणि मीठ वजा करून उरलेल्या कोरड्या सालीच्या प्रतिग्रॅम हिशेबाने सगळे आकडे द्या.

अर्क

एक ग्रॅम साल बारीक चिरा. खलबत्त्यात ८० टक्के मिथेनॉलचे पाच-सहा मिली घालून वाटा, द्रव काचेच्या भांड्यात काढा, पुन्हा नवं मिथेनॉल घाला. साल फिकट होईपर्यंत असं करत जा. व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून गाळून ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. उकळायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, आणि तोंडाने पिपेट ओढायची नाही. मिथेनॉल विष आहे, डोळे जातात. इथेनॉल वापरलं तर उत्तमच, पण त्यासाठी कॉलेजकडे उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. प्रयोगशाळा साहाय्यकांना आधी विचारा.

काही पद्धतींत अर्कात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला सांगितलेलं असतं, अँथोसायनिन टिकावं म्हणून. कोकम मुळातच इतकं आंबट आहे की ते लागत नाही. शिवाय जादा आम्लाने डीपीपीएचच्या अभिक्रियेचा वेग बदलतो. नकोच.

पाण्यातल्या अर्कासाठी तीच एक ग्रॅम साल, साधं डिस्टिल्ड पाणी, खोलीच्या तापमानाला तासभर, अधूनमधून ढवळत. घरी सोलं भिजवतात तसंच.

डीपीपीएच

ही पद्धत मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ साली 'नेचर'मध्ये मांडली आणि आजही स्वस्तात होणारी हीच. डीपीपीएचच्या रेणूत नायट्रोजनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि तो रेणू तसाच टिकून राहतो. त्यामुळे द्रावण गर्द जांभळं दिसतं. कुणी हायड्रोजन दिला की जांभळा रंग जाऊन पिवळट होतो. ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण किती घटलं ते मोजायचं. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर ५२० चा फिल्टर असलेला साधा कलरिमीटरही चालतो.

३.९४ मिलीग्रॅम डीपीपीएच १०० मिली मिथेनॉलमध्ये, म्हणजे ०.१ मिलीमोलर. एवढं वजन साध्या तराजूवर होत नाही. चार दशांश स्थळांच्या तराजूवर १९.७ मिलीग्रॅम घेऊन ५० मिलीत विरघळवा आणि मग दहापट पातळ करा. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. रोज नवं करा. शोषण १ च्या आसपास यायला हवं.

प्रत्येक नळीत ३ मिली डीपीपीएच आणि ०.१ मिली नमुना. नमुन्याचं द्रावण दुप्पट-दुप्पट पातळ करत पाच पायऱ्या. कंट्रोलच्या नळीत नमुन्याऐवजी ०.१ मिली तोच द्रावक. कपाटात, अंधारात, ३० मिनिटं.

आता कोकमाची खास अडचण. अँथोसायनिन आम्लात लाल दिसतं, कारण ते ५१० ते ५२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश शोषतं. आपण मोजतोय ५१७ ला. म्हणजे डीपीपीएचचा जांभळा रंग उडाला तरी कोकमाचा लाल रंग त्याच जागी बसून 'मी अजून आहे' म्हणत राहतो. नळीकडे डोळ्याने बघा: आवळ्याचा अर्क घातलेली नळी स्वच्छ पिवळी होते. कोकमाची आधी वाइनसारखी, मग कांद्याच्या पातीखालच्या सालीसारखी फिकट गुलाबी, आणि तिथेच थांबते. यंत्राला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी शोषण म्हणजे शोषण.

म्हणून प्रत्येक पायरीसाठी एक जोडनळी लावा: ३ मिली साधं मिथेनॉल (डीपीपीएच नाही) आणि ०.१ मिली तोच नमुना. तिचं शोषण नमुन्याच्या शोषणातून वजा करा. उदाहरण घ्या. कंट्रोल १.००, नमुन्याची नळी ०.६२, जोडनळी ०.१४. वजाबाकी न करता उत्तर येतं ३८ टक्के. वजाबाकी केली तर ०.६२ मधून ०.१४ गेले, उरले ०.४८, म्हणजे ५२ टक्के. एवढा फरक फक्त एक नळी न लावल्यामुळे. जितका नमुना लाल, तितकी चूक मोठी. म्हणजे ज्या रातांब्यात रंग सर्वांत जास्त, तोच यादीत विनाकारण खाली घसरतो.

ही दुरुस्तीही सोळा आणे खरी नाही. हायड्रोजन देताना अँथोसायनिन स्वतः बदलतं आणि त्याचा लाल रंगही थोडा उतरतो. जोडनळीत तो उतरत नाही, म्हणून वजाबाकी जरा जास्तच होते. अहवालात ही मर्यादा एका वाक्यात लिहा. परीक्षकांना ते वाक्य दहा आलेखांपेक्षा आवडतं, निदान मला तरी आवडतं. खरा उपाय म्हणजे एबीटीएस या दुसऱ्या रंगीत रसायनाची पद्धत. तिथे मोजणी ७३४ नॅनोमीटरला होते आणि कोकमाचा लाल रंग तिथे पोचतच नाही. ७ मिलीमोलर एबीटीएसमध्ये २.४५ मिलीमोलर होईल एवढं पोटॅशियम परसल्फेट घालून १२ ते १६ तास अंधारात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ७३४ ला शोषण ०.७० येईल इतकं पातळ करायचं. रसायन महाग आहे, पण दोन-तीन गटांनी मिळून मागवलं तर परवडतं.

क जीवनसत्त्वाची नळी सोडू नका

तुमचं सगळं काम बरोबर चाललंय का, हे सांगणारी नळी हीच. २५ मिलीग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच क जीवनसत्त्व) १०० मिली मिथेनॉलमध्ये, आणि तिथून पातळ करत खाली.

याचं उत्तर कागदावर आधीच काढता येतं. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे साधारण दोन रेणू विझवतो. नळीत ३ मिली ०.१ मिलीमोलर द्रावण आहे, म्हणजे ०.३ मायक्रोमोल डीपीपीएच. त्यातलं अर्धं, ०.१५, विझवायला ॲस्कॉर्बिक आम्ल लागेल ०.०७५ मायक्रोमोल. रेणुभार १७६; म्हणजे १३ मायक्रोग्रॅमच्या जरा वर. एकूण ३.१ मिलीत ते भागलं की मिलीला साधारण ४.३ मायक्रोग्रॅम. हीच आयसी-५०, म्हणजे अर्धा रंग उडवायला लागणारी मात्रा. तुमचं उत्तर चार-पाचच्या आसपास आलं तर पुढे जा. चाळीस आलं, तर डीपीपीएच फार घट्ट झालंय, किंवा आम्ल शिळं आहे, किंवा पातळ करताना दशांश चिन्ह घसरलंय. कोकमाच्या आकड्यांकडे तोवर बघूसुद्धा नका.

आणि आयसी-५० लिहिताना ती नळीतल्या अंतिम द्रावणाची आहे की घातलेल्या नमुन्याची, हे स्पष्ट लिहा. दोन्हींत ३१ पटींचा फरक आहे. आकडा लहान म्हणजे क्षमता मोठी. हे उलटं असल्यामुळे निष्कर्षात दरवर्षी कुणीतरी गडबडतं.

क जीवनसत्त्व लगेच काम करतं, मोठे फिनॉल सावकाश. ३० मिनिटं हा सोयीचा आकडा आहे, निसर्गनियम नाही. निदान एका मात्रेसाठी ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना वाचन घ्या आणि वक्र काढा.

रंग स्वतंत्र मोजा

अँथोसायनिन किती आहे हे पीएच बदलून कळतं. पीएच १ ला ते लाल, पीएच ४.५ ला जवळजवळ बिनरंगी. दोन्ही बफरमध्ये तोच अर्क तितकाच पातळ करा, दोन्हींचं शोषण ५२० आणि ७०० ला घ्या. प्रत्येक बफरमध्ये ५२० च्या वाचनातून ७०० चं वजा करा (७०० चं वाचन म्हणजे नुसता गढूळपणा), मग पीएच १ च्या उत्तरातून पीएच ४.५ चं उत्तर वजा करा. आलेल्या संख्येला ४४९.२ ने, किती पट पातळ केलं त्या संख्येने आणि १००० ने गुणा. २६,९०० ने भागा. लिटरला मिलीग्रॅम मिळतात, एक सेंटिमीटरचा क्युव्हेट धरून. ताज्या, फ्रीजरमधल्या आणि बाजारातल्या सालीचे आकडे शेजारी ठेवले की बाजारातलं आमसूल काळं का दिसतं ते आपोआप उलगडतं. फोलिन पद्धतीने एकूण फिनॉलही काढतात. काढा, पण ते अभिकर्मक क जीवनसत्त्वालाही फसतं, एवढं लक्षात असू द्या.

निष्कर्षात काय लिहायचं, काय नाही

लिहा: सावलीत वाळवलेल्या सालीत उन्हातल्यापेक्षा इतका रंग जास्त राहिला, अमुक महिने ठेवल्यावर इतका घटला, मिथेनॉलच्या अर्काची क्षमता पाण्याच्या अर्कापेक्षा इतकी जास्त. हे तुम्ही मोजलंय.

लिहू नका: कोकम कर्करोग रोखतं. गार्सिनॉलवरचं बहुतेक काम पेशींवर आणि प्राण्यांवर झालंय. अँथोसायनिन पोटातून रक्तात पोचतं ते फार थोडं, तेही बदललेल्या रूपात. नळीतल्या आकड्यावरून खाण्याचा सल्ला देता येत नाही, हे अमेरिकेच्या कृषी खात्यानेही मान्य केलं: पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची त्यांची प्रसिद्ध ओरॅक यादी त्यांनी २०१२ मध्ये काढून टाकली. आणि फिनलंडमधला धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरचा प्रयोग तर वाचाच. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून दिलेल्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. सोलकढीला घाबरायचं कारण नाही; गोळ्यांच्या जाहिराती वाचताना मात्र हा आकडा आठवावा.

विकणाऱ्यांसाठी

तुम्हाला यंत्र लागत नाही, तुमचे डोळे पुरेत. रंग म्हणजेच तुमचं अँथोसायनिन, आणि ते चार गोष्टींनी जातं: उष्णता, उजेड, हवा, लोखंड. पूर्ण पिकलेलं, गडद फळच घ्या आणि उतरवल्या दिवशीच फोडा. लोखंडाची कढई, घासून उघडं पडलेलं भांडं, ॲल्युमिनियमचं पातेलं कोकमाला नको. लोखंडाने रस निळसर काळा पडतो. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी. सरबतासाठी साखर सालींच्या वाट्यांत भरून पाझरू देण्याची जुनी रीत या दृष्टीने उत्तम, कारण त्यात विस्तवच नाही. पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दर्शनी, उन्हाच्या बाजूला मांडल्या की गिऱ्हाईक येतं खरं, पण पंधरवड्यात लाल रंग तपकिरी होऊ लागतो. दोन बाटल्या पुढे, बाकी खोक्यात.

रंग घातलेलं सरबत ओळखायला चमचाभर सरबत पाण्यात पातळ करून त्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका. फसफसून शांत झालं की खऱ्या कोकमाचा लाल रंग जाऊन जांभळट, निळसर किंवा मळकट हिरवट छटा येते. बाटलीतला कृत्रिम लाल रंग सहसा लालच राहतो. आमचा माल खरा आहे हे सांगायला याहून सोपं प्रात्यक्षिक नाही. बचतगटाच्या स्टॉलवर करून दाखवा, गर्दी जमते.

लेबलवर 'अँटिऑक्सिडंटयुक्त, मधुमेह व कर्करोगावर गुणकारी' असं छापून घेण्याच्या फंदात पडू नका. असे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. 'उन्हात न तापवलेलं, कृत्रिम रंग नाही, तयार केल्याची तारीख' एवढं खरं-खरं लिहिलं तर पुरेसं आहे.

आणि मुलांनो, प्रयोग संपल्यावर डीपीपीएच आणि मिथेनॉल बेसिनमध्ये ओतायचं नाही. झाकणाची, नाव लिहिलेली वेगळी बाटली आहे. अर्क काढून झालेल्या साली दिसायला अगदी आमसुलासारख्या असतात. त्या तिथल्या तिथे कचऱ्यात टाका; टेबलावर उघड्या ठेवून डबा खायला जायचं नाही.